शिवणीतली माया

माझ्या भाचीच्या लग्नाचा गाऊन बोम्मसंद्र्यातल्या एका खोलीत शिवला गेला. पहिलं माप घेतलं तेव्हा तिला पंधरावा आठवडा होता. लग्न डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे चोविसाव्या आठवड्यात होतं. मधल्या नऊ आठवड्यांत मी तीन वेळा बेळगावहून बंगळुरूला गेले. निवृत्त माणसाकडे वेळ असतो. शिवाय माझी बहीण, म्हणजे नवरीची आई, ‘ताई, तू तरी तिला समजाव’ असं म्हणून मला पुढे करत होती. समजवायचं काय, तर वरून शेला घे, नाहीतर सरळ शालू नेस, म्हणजे पोट दिसणार नाही. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. तरी सुरुवातीला माझ्याकडेही याहून वेगळा सल्ला नव्हता.

मुलगा मंगळुरी कॅथलिक. दोघं इलेक्ट्रॉनिक सिटीत एकाच इमारतीत काम करतात. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी, मग चर्चमध्ये विधी आणि संध्याकाळी जेवण, असं ठरलं होतं. चर्चमध्ये पांढरा गाऊन घालायचा हे भाचीने फार आधीपासून मनात धरलेलं. शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानात ती गेली, तर तिथे तिला हसत सांगितलं गेलं की बाळंतपण उरकून या, तोवर तुमचा साइझ आम्ही धरून ठेवतो. दुसऱ्या दुकानात दोन नंबर मोठा गाऊन अंगावर चढवून पाहिला. छातीच्या मापाने घेतला तर पोटावर अडतो, पोटाच्या मापाने घेतला तर खांद्यावरून उतरतो. ती मला म्हणाली, “मावशी, मला पोट लपवायचं नाही, आणि पोटाची मिरवणूकही काढायची नाही. मला फक्त अंगाला बसणारा कपडा हवाय.”

“मग साडी नेस. साडीला माप लागत नाही.”

“साडीत सगळं लपतं असं आई म्हणते. म्हणूनच नको.”

तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने बोम्मसंद्र्याच्या अक्कांचं नाव सुचवलं. आर. व्ही. रोडवरून निघणारी मेट्रोची पिवळी मार्गिका १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली होती. एकोणीस किलोमीटर, सोळा स्टेशनं, चालकाविना चालू शकणारी गाडी, आणि शेवटचं स्टेशन बोम्मसंद्रा. बंगळुरूच्या आसपास ‘संद्रा’ने संपणारी गावं बरीच आहेत. हे ‘समुद्र’ या शब्दाचं झिजलेलं रूप. मोठं तळं बांधलं की त्याला समुद्र म्हणायची चाल होती. आज तिथे उतरलं की आधी औद्योगिक वसाहत दिसते. औषधांचे कारखाने, मोठी रुग्णालयं, आणि निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या फॅक्टऱ्या. त्यांच्या मागच्या गल्ल्यांत कामगारांच्या खोल्यांच्या रांगा आहेत. त्यातल्याच एका खोलीत अक्का राहतात आणि शिवतात.

अक्का घरात मराठी बोलतात हे मला तिथे गेल्यावर कळलं. त्या नामदेव शिंपी. बंगळुरूत मराठी बोलणारी शिंप्यांची आणि भावसार रंगाऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, आणि आपली माणसं त्यांच्याबरोबरच आली, असं अक्कांच्या घरात सांगतात. त्यांच्या मराठीला कन्नडचा हेल आहे आणि त्यात काही जुने शब्द टिकून आहेत. त्यांनी चौदा वर्षं निर्यातीच्या फॅक्टरीत काढली, त्यातली शेवटची सहा सॅम्पल टेलर म्हणून. बाहेरदेशी पाठवायचा पहिला नमुना जी शिवते ती सॅम्पल टेलर. कागदावरचं चित्र पाहून कपडा उभा करायचं काम तिचं.

भविष्य निर्वाह निधीची गोष्ट त्यांनीच काढली. २०१६ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलला आणि मालकाच्या वाट्याची रक्कम अठ्ठावन्न वर्षांपर्यंत काढता येणार नाही असं ठरलं. १८ आणि १९ एप्रिलला बंगळुरूतल्या हजारो शिवणकामगार बायका होसूर रस्त्यावर उतरल्या, आणि १९ तारखेलाच सरकारने तो बदल मागे घेतला. लग्न, बाळंतपण, घराची आगाऊ रक्कम, यांना हाच पैसा उपयोगी पडतो; अठ्ठावन्न वर्षांपर्यंत कोण थांबणार? पुढे काम सोडल्यावर अक्कांनी आपल्या पैशातून वापरलेली जुकी मशीन घेतली. गाऊन त्याच मशीनवर शिवला.

अक्कांनी माप घेताना दोनच प्रश्न विचारले. “कितवा चालू आहे?” आणि “लग्नादिवशी कितवा असंल?” चौथा चालू होता, लग्नाला सहावा सरत आलेला असेल. त्यांनी वहीत दोन रकाने आखले. एकात आजचं माप, दुसऱ्यात अंदाज. डॉक्टरही अशीच टेप लावतात, हे भाचीने त्यांना सांगितलं. विसाव्या आठवड्यापासून पुढे गर्भाशयाची उंची आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते. चोविसाव्या आठवड्यात ती चोवीसच्या आसपास भरते. अक्कांनी तो आकडाही लिहून घेतला.

मग त्यांनी गाऊन कसा करायचा ते सांगितलं. कंबरेची शिवण कंबरेवर घ्यायचीच नाही, छातीखाली घ्यायची, तिथून घेर सोडायचा. पाठीला चेन नको. दोन्ही बाजूंना कापडाच्या कड्या आणि त्यांतून ओवलेली दोरी, म्हणजे त्या दिवशी हवं तेवढं सैल-घट्ट करता येतं. पुढची उंची मागच्यापेक्षा दोन इंच जास्त ठेवायची, कारण पोट पुढे आलं की कापड वर उचललं जातं आणि चालताना पुढून पाय दिसतात. आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीत दीड-दीड इंच माया.

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. अंग भरलं की शिवण उसवायची, माया बाहेर घ्यायची आणि पुन्हा शिवायचं. माझ्या लहानपणी वाढत्या अंगाच्या मुलींचे झगे अशा मायेवर तीन-तीन वर्षं चालत. तयार कपड्यात ती का नसते, असं मी विचारलं.

“फॅक्टरीत माया नाही हो,” अक्का म्हणाल्या. “फॅक्टरीत एक सेंटिमीटर.”

हजारो नग कापायचे असतात तेव्हा प्रत्येक नगामागे वाचलेलं बोटभर कापड मोठं असतं. म्हणून शिवणीला लागेल तेवढंच कापड ठेवतात, आणि ते माप सगळ्यांना एकच. दोन दुकानांत भाचीची जी अडचण झाली तिचं मूळ तिच्या शरीरात नव्हतं. तयार कपडा ज्या हिशेबाने कापला जातो, त्या हिशेबात होतं.

बेळगावला परतताना गाडीत मी माझ्या सवयीने मागे मागे जाऊ लागले. गरोदर नवरी ही काही आजची गोष्ट नव्हे. शेक्सपिअरच्या लग्नाचा हमीकागद २८ नोव्हेंबर १५८२ चा आहे आणि त्याच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याची नोंद २६ मे १५८३ ची. मध्ये सहा महिने. अमेरिकेतल्या वसाहतींच्या लग्नाच्या आणि जन्माच्या नोंदी इतिहासकारांनी जुळवून पाहिल्या, तेव्हा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दहातल्या जवळजवळ तीन नवऱ्या लग्नादिवशी गरोदर असाव्यात असं दिसलं. त्या बायकांनी लग्नात काय घातलं होतं? बहुतेक जणींनी आपला असलेला चांगला झगा. खास लग्नापुरता पांढरा पोशाख ही चाल त्यामानाने नवी. राणी व्हिक्टोरियाने १० फेब्रुवारी १८४० ला पांढरं सॅटिन घातलं आणि त्यानंतर हळूहळू पांढरा गाऊन म्हणजेच नवरी असं होऊन बसलं. कंबरेत आवळलेला, वर्णाने पांढरा, एकदाच घालायचा. अशा कपड्यात चार महिन्यांच्या पोटाला जागाच नसते. अक्का जी छातीखालची कंबर म्हणत होत्या ती मात्र त्याआधी, १८०० च्या आसपास, नेपोलियनच्या काळात सर्रास होती.

उलट उदाहरणही आहे. यान व्हान आइकने १४३४ साली काढलेलं आर्नोल्फिनी जोडप्याचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यातल्या हिरव्या झग्यातल्या बाईला पाहणारा प्रत्येक जण गरोदर समजतो. अभ्यासक सांगतात की ती गरोदर नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिने भरपूर कापडाचा घोळ पुढे उचलून धरला आहे. एका काळाला जी ऐट वाटली, ती नंतरच्या काळाला खुलासा मागण्यासारखी वाटू लागली.

आणि गरोदर बाईला चारचौघांत घालण्याजोगा कपडा तर विकतही मिळत नसे. न्यूयॉर्कमध्ये लीना ब्रायंट नावाची लिथुआनियातून आलेली एक विधवा शिवणकाम करून मूल वाढवत होती. १९०४ च्या सुमारास एका गिऱ्हाइकाने तिच्याकडे असा कपडा मागितला आणि तिने कंबरेला इलॅस्टिक लावून तो शिवून दिला. कपडा खपला, पण वर्तमानपत्रं त्याची जाहिरात घेईनात. ती छापली गेली १९११ साली.

आपल्याकडे नऊवारीला शिवणच नव्हती. निऱ्या वर-खाली करायच्या, गाठ सैल करायची. तेच लुगडं कुमारीला, गर्भारणीला आणि बाळंतिणीला. म्हणून मला वाटत होतं की आपल्या कपड्यांनी हा प्रश्न आधीच सोडवला होता. थोडं खोलात गेल्यावर तसं दिसलं नाही. लग्नविधीत नवरीला नेसवायच्या पिवळ्या वस्त्राचं नाव अष्टपुत्री. आठ पुत्रांचा आशीर्वाद त्या नावातच आहे. पुढे सातव्या महिन्यात डोहाळजेवण, त्याला हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी. म्हणजे पिवळ्यापासून हिरव्यापर्यंतचा क्रम कापडानेच आखून दिला होता. लग्नादिवशी नवरीची ओटी भरायची ती मूल होवो म्हणूनच. पण पदरात घेतलेली ती ओटी त्या दिवशी रिकाम्या पोटावर पडावी, ही अट कुणी बोलून न दाखवता सगळ्यांना माहीत होती. साडी पोटाला जागा देत होती, पण ते आहे हे कबूल करत नव्हती.

कबूल करण्याचं काम शास्त्राने आणि कायद्याने केलं, आपापल्या परीने. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत. त्यांतला एक ‘सहोढ’, म्हणजे नवरीबरोबरच आलेला. लग्नाच्या वेळी ती गरोदर असेल, मग नवऱ्याला ते ठाऊक असो वा नसो, ते मूल नवऱ्याचं धरावं असं तिथे म्हटलं आहे. पण त्याला ठेवलं आहे दुसऱ्या सहांच्या गटात: बांधव म्हणून मान्य, वारस म्हणून नाही. लग्नाआधीच कुमारिकेला झालेला ‘कानीन’ही त्याच गटात. महाभारतातला कर्ण हा कानीन. त्याला जागा मिळाली ती अशीच, नात्यात पण वाट्यात नाही. ज्या परंपरेला बारा प्रकारच्या पुत्रांची नावं ठेवावी लागली, तिला या गोष्टी नव्या नव्हत्या हे उघड आहे. नाव मात्र मुलाला मिळालं. त्याच्या आईला त्या यादीत वेगळा शब्द नाही.

इंग्रजांनी आणलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याने वेगळा हिशेब धरला. कलम ११२ प्रमाणे कायदेशीर लग्न कायम असताना मूल जन्मलं की ते त्या नवऱ्याचंच औरस मानायचं. पतिपत्नींना एकत्र येण्याची संधीच नव्हती असं सिद्ध झालं तरच अपवाद. कायदा जन्माची तारीख बघतो, गर्भ राहिल्याची नाही. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य कायद्यातही तेच कलम ११६ व्या क्रमांकाने आलं आहे. मात्र नवरीच्या पोटातलं मूल दुसऱ्या कुणाचं असेल आणि नवऱ्याला लग्नाच्या वेळी ते ठाऊक नसेल, तर त्याला वर्षाच्या आत लग्न रद्द करून मागता येतं. हे हिंदू विवाह कायद्यातही आहे आणि विशेष विवाह कायद्यातही.

या विशेष विवाह कायद्याची गंमत भाचीनेच दाखवली. १९५४ चा हा कायदा. नोटीस द्यायची, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी लावली जाते, आणि तीस दिवस हरकतीची वाट पाहायची. ती म्हणाली, “मावशी, नोटीस लावली तेव्हा माझं पोट दिसत नव्हतं. मुदत संपली तेव्हा दिसत होतं. कायद्याने तीस दिवसांत बाळाला चार आठवडे वाढवलं.”

नोव्हेंबरच्या मध्याला दुसऱ्या मापासाठी निघताना मी आईची ट्रंक उघडली. गाऊनच्या आत, कुठेतरी अस्तराला, आजीच्या शालूचा एक तुकडा लावावा अशी भाचीची इच्छा होती. माझ्या आईवडिलांचं लग्न मे १९५७ मध्ये बेळगावात झालं. मी जन्मले त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मी सातमाशी, हे मी लहानपणापासून ऐकत आले. आजी सांगायची, “एवढीशी होतीस, कापसात गुंडाळून वाढवली.” सातमाशी म्हणून मला पावसात भिजू देत नसत. आई यावर कधी काही बोलली नाही. ती गेल्यावर तिच्या कागदांत मला प्रसूतिगृहाची चिठ्ठी सापडली होती. त्यात माझं वजन होतं साडेसहा पौंड. सातव्या महिन्यातलं मूल तीन पौंडांच्या आसपास असतं. ही चिठ्ठी मी दहा वर्षं फाइलमध्ये ठेवली. दुसऱ्यांच्या घराण्यांचे कागद वाचून मी लेख लिहिले होते, पण हा कागद वाचून घडी करून ठेवला.

ट्रंकेत शालू होता, शेला होता, आणि त्याखाली आईचं लग्नातलं पोलकं. गुळेदगुडच्या खणाचं, गडद हिरव्या रंगाचं, काठ बाहीला लावलेला. मी ते सगळंच घेऊन गेले.

अक्कांनी शालू बाजूला ठेवला आणि पोलकं उलटं केलं. खिडकीपाशी नेलं. मग मला बोलावलं. दोन्ही बाजूंच्या शिवणीजवळ दोन बोटं रुंदीची पट्टी बाकी कापडापेक्षा किंचित गडद होती. ती एके काळी आत दुमडलेली असल्याने तिचा रंग कमी उडाला होता. पट्टीच्या कडेने बारीक भोकांची एक सरळ रांग. तिथे आधी मशीनची शिवण होती. आता जी शिवण होती ती त्याच्या बाहेर, हाताची, जवळजवळ टाक्यांची.

“माया काढलीया,” अक्का म्हणाल्या. “रातीत बसून केल्यागत आहे. टाके घाईचे, पण पक्के.”

मी म्हटलं, “बाळंतपणानंतर काढली असेल. सगळ्यांचीच पोलकी नंतर आवळतात.”

त्यांनी उजव्या कुशीवरचा डाग दाखवला. हळदीचा, बोटभर लांब, जुना पिवळा. तो जुन्या कापडावरून सुरू होऊन उसवलेल्या पट्टीवर सलग गेला होता. ती पट्टी डाग पडला तेव्हा आत दुमडलेली असती तर डाग जुन्या भोकांच्या रांगेपाशी तुटला असता. हळदीचा डाग कुशीला कसा पडला? लग्नात नवरीच्या मनगटाला हळकुंड बांधतात. घामाने ते ओलं होतं आणि हात जिथे टेकतो तिथे रंग उतरतो. ते हळकुंड आपल्याच लग्नात बांधलं जातं, दुसऱ्यांच्या लग्नात नाही. म्हणजे माया लग्नाच्या आधी काढली होती.

आईला मशीन येत होतं, हातशिवण येत नव्हती. ते टाके आजीचे होते. तिच्या गोधड्यांवर तसेच टाके मी पाहिले आहेत. मला सातमाशी म्हणणारी, कापसाची गोष्ट साठ वर्षांत एकदाही न चुकता सांगणारी आजीच लग्नाआधी कधीतरी पोलकं घेऊन बसली होती. तिने आईला बोल लावला की नाही ते कळायला मार्ग नाही. एवढंच दिसतं, की लेकीला श्वास घेता यावा म्हणून तिने दोन बोटं जागा केली, वरून शेला पुढे ओढून दिला, आणि नंतर तिला पुरेल अशी गोष्ट रचली.

आईचं नशीब असं की वडील होते, आणि ते लग्नाला उभे राहिले. ज्यांच्या बाजूला कुणी उभं राहिलं नाही त्यांच्या कपड्याचीही नोंद आपल्या इतिहासात आहे. ब्राह्मण विधवेला केशवपन करून लाल आलवण नेसावं लागे. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाला परवानगी दिली होती, पण आलवणातली बाई गरोदर राहिली तर तिला नवरी होण्याची वाट समाजाने उघडलेली नव्हती. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच बायकांसाठी. तिथे गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. १८७४ मध्ये अशाच एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला. पण सुरतेच्या विजयालक्ष्मीला असा दरवाजा मिळाला नाही. नवजात मूल मारल्याबद्दल १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली, जी पुढे कमी केली गेली. त्या प्रकरणावर वर्तमानपत्रांनी बायकांना जी दूषणं दिली त्यांना उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. आणि १९६७ मध्ये रंगमंचावर आलेल्या तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे? ती कुणीतरी लग्न करावं म्हणून एकेकाकडे जाते ती पोटातल्या मुलासाठी. तिला नवरी होऊ दिलं जात नाही. नाटकातल्या खोट्या खटल्यात तिचं खरं पोट मात्र आरोप म्हणून मांडलं जातं. ती आणि माझी आई यांच्यात फक्त दहा वर्षांचं अंतर आहे, आणि एका हो म्हणणाऱ्या माणसाचं.

दुसऱ्या मापाच्या त्या संध्याकाळी मी बहिणीला फोन केला. चिठ्ठीचं सांगितलं, पोलक्याचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आईला माहीत होतं सगळं. तरी माझ्या लग्नाच्या आधी मला रात्री आठच्या आत घरी यायला लावायची.” मी म्हटलं, माहीत होतं म्हणूनच. त्यावर ती रडली आणि थोड्या वेळाने तिने विचारलं, “गाऊनला पाठीला दोरी आहे ना? घट्ट नको बांधू म्हणावं.” शेल्याचा विषय त्यानंतर तिने काढला नाही. मीही काढला नाही.

तिसरं आणि शेवटचं माप लग्नाच्या सहा दिवस आधी झालं. अंदाजाच्या रकान्यापेक्षा पोट पाऊण इंच जास्त होतं. अक्कांनी डाव्या बाजूची शिवण उसवली, मग उजवी, आणि माया तेवढीच बाहेर घेतली. शालूचा तुकडा कापायला भाचीने नको म्हटलं. त्याऐवजी पोलक्याच्या मायेतून सुटलेला, आजीच्या हातचा एक दोरा अक्कांनी अस्तरात आडव्या टाक्याने अडकवून दिला. बाहेरून तो दिसत नाही.

चर्चमध्ये ती वेदीपर्यंत चालत गेली तेव्हा गाऊनची पुढची कड जमिनीला सारखी लागत होती. एवढंच माझ्या लक्षात आहे, कारण मी तिच्याकडेच बघत होते. कुणी कुजबुजलं असेल तर मला ऐकू आलं नाही. एक अडचण मात्र आम्ही कुणी आधी पाहिली नव्हती: गाऊनला पदर नसतो, मग ओटी भरायची कशात? संध्याकाळी तिच्या सासूबाईंनी तो प्रश्न सोडवला. मंगळुरी कॅथलिकांत लग्नानंतर नवरीला लाल साडी देतात, तिला सादो म्हणतात. त्यांचे पूर्वज गोव्यातून आले. वाटेत धर्माधिकाऱ्यांनी कितीतरी चाली बंद करायला लावल्या, पण लाल सादो राहिला. भाचीने तो नेसला, खुर्चीवर बसली आणि पदर पसरला. माझ्या बहिणीने त्यात तांदूळ, नारळ, खण घातला. पोट पुढे आल्यामुळे नारळ नीट राहीना. मग सासूबाईंनी कोकणीत काहीतरी म्हणत तो एका हाताने धरून ठेवला.

गाऊन आता बहिणीच्या कपाटात आहे. मी त्याच्या पिशवीत एक कागद ठेवला आहे. त्यावर लग्नाची तारीख, कितवा आठवडा होता, किती माया काढली आणि किती उरली, हे लिहिलं आहे. पोलक्याच्या घडीतही तसाच एक कागद घातला, प्रसूतिगृहाच्या चिठ्ठीसकट. बाळ एप्रिलात येईल. ते पूर्ण दिवसांचं असेल, आणि त्याला तसंच सांगितलं जाईल.